मोडलेल्या सुईचं टोक

“एका सुईपायी चार महिने! आमच्याकडे आठवड्याला दोन मोडतात, कुणी गाव गोळा करतं का?”

मागचा माणूस शेजाऱ्याच्या कानात कुरकुरला, पण पुढच्या रांगेत सासू आणि नवऱ्याच्या मधे बसलेल्या तिला ते स्वच्छ ऐकू आलं. नवऱ्यानं हळूच तिचं कोपर दाबलं. गप्प बस.

सभागृह खच्चून भरलं होतं. ‘चंद्रावर माणसं कशासाठी?’ असा फलक होता आणि उत्तर प्रत्येकाकडे होतं.

ती शिवणकाम करायची. चंद्रावरून परतणाऱ्या चौघांचं यान ज्या पॅराशूटना लटकून समुद्रात उतरणार, ती शिवायची. कारखान्याचा नियम होता : सुई मोडली की तिचे सगळे तुकडे कागदावर चिकटवून दाखवायचे, मगच नवी मिळायची. चार महिन्यांपूर्वी मोहरीएवढं टोक तेवढं सापडेना. टोकाशिवाय सुई जमा केली असती तरी खपून गेलं असतं; पण घडीत राहिलेलं टोक पॅराशूट उघडताना कापड फाडू शकतं. ती उठून सुपरवायझरकडे गेली. मग सगळी शिवण उसवली. एकोणिसाव्या दिवशी टोक मिळालं, तोवर उड्डाणाची वेळ हुकली होती आणि मोहीम चार महिने पुढे गेली होती. वर्तमानपत्रांनी ‘हलगर्जीपणा’ छापलं; नाव नव्हतं, एवढीच मेहरबानी.

सोमवारपासून शेवटचं पॅराशूट पुन्हा शिवायचं होतं. सुपरवायझरला तीच हवी होती. तिनं अजून होकार दिला नव्हता.

घरातून तर सुई हा शब्दच हद्दपार झाला होता. शर्टाचं बटण निघालं तर सासूबाई खोलीचं दार लावून ते शिवत.

व्यासपीठावर प्राध्यापक तापले होते.

“दगडच आणायचे तर यंत्रं आणतील. काही अनिष्ट घडलं तर? असल्या हलगर्जी हातांवर चार जीव टांगायचे?”

मोहिमेचे अधिकारी घसा खाकरून म्हणाले, “संबंधित कर्मचाऱ्याविषयी आम्हाला बोलता येणार नाही.”

तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि गुडघ्यावर जोर देऊन उठल्या.

“आई, खाली बस,” नवरा कुजबुजला.

“तू बस. बसलाच आहेस.” त्यांनी माइक ओढून घेतला. “प्राध्यापकसाहेब, तिथं माणसं कशाला धाडायची हे मलाही कळत नाही. नुसती धूळ आहे म्हणतात. माझं मत तुमच्याच बाजूला धरा.”

सभागृह हसलं. प्राध्यापकही हसले.

“पण हलगर्जी म्हणालात ते मागे घ्या. ती सुई माझ्या सुनेची. स्वयंपाकघरात माझं तिचं रोज वाजतं, म्हणून उगीच कौतुक करतेय असं समजू नका. तिनं स्वतः जाऊन सांगितलं. मघापासून धोका काय, अनिष्ट काय, सगळे गोल गोल बोलताय. ती गप्प राहिली असती तर चौघं मेली असती.”



“त्या... आल्या आहेत का इथे?” प्राध्यापकांनी चष्मा काढत विचारलं.

तिनं कोपरावरचा नवऱ्याचा हात अलगद बाजूला केला आणि उभी राहिली.

“सुई माझीच होती,” ती म्हणाली. “आणि सोमवारपासून पुन्हा मीच शिवणार आहे.”