दामाजीची आरोळी

नाम्या माझा चुलतभाऊ आहे, याची कुणी आठवण करून दिलेली मला खपत नाही. माझा बा गोमाजी आणि त्याचा बा दामाजी, सख्खे भाऊ. चेंदणी कोळीवाड्यात हळद असली की नाम्याचा बँड वाजतो, आणि मोठ्या ड्रमवर रंगवलेलं असतं, दामाजी ब्रास बँड. काढलेला दोघांनी. माझ्या बाचं नाव कुठंच नाही. मी तीस वर्षं सांगतेय, गोमाजी पण लिहा. नाम्या म्हणतो, तुझा बाप खोटारडा होता, त्याचं नाव मी ड्रमवर लावणार नाही.

कुठलं खोटं, तर ऐका. चोवीस साली हे दोघे मुंबईत एका हॉटेलातल्या जाझ बँडमध्ये होते. बँड गोऱ्या साहेबाचा. दामाजीकाका कॉर्नेटवर, म्हणजे ती तोंडानं फुंकायची आखूड पितळी तुतारी, आणि माझा बा ड्रमवर. त्या बँडची एक तबकडी निघाली. त्यातलं एक गाणं या दोघांनी घरी आणलं आणि आपल्या हळदीत घुसवलं. त्या गाण्यात मध्येच कॉर्नेट कानठळ्या बसतील अशी ओरडते आणि लगेच खाली येते. तिला आमच्यात दामाजीची आरोळी म्हणतात. नवीन पोरगा बँडमध्ये आला की नाम्या आधी ती शिकवतो. नाचणारे तर ती यायच्या आधीच हात वर करून थांबतात.

बा म्हणायचा, ती आरोळी माझी आहे. रेकॉर्डिंगला मला ड्रम वाजवू दिला नाही. दादाच्या मागं उभं केलं, कमरेला धरायला. उंच सूर आला की दादाला मागं खेचायचं, एवढंच काम. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, याला धरण्यापलीकडं येतं काय. माझं डोकं फिरलं. पुढच्या सुराला मी हात सोडला.

अख्खा कोळीवाडा हसायचा. वाजवणाऱ्याला कोण धरून ठेवतं, तो काय बैल आहे? रस्त्यानं बा निघाला की पोरं एकमेकांच्या कमरा धरून त्याच्या मागं चालायची. नाम्या सगळ्यात पुढं. त्यातल्या दोघांना मी सुकटीच्या टोपलीनं हाणलेलं आहे. नाम्या पळाला, म्हणून वाचला. बा मेला तोही खोटारडा म्हणूनच मेला.

सत्त्याऐंशी साली माझ्या जावयानं खबर आणली, डोंबिवलीला गुप्ते म्हणून एक रिटायर गृहस्थ आहेत, जुन्या तबकड्या जमवतात, त्यांच्याकडे त्या हॉटेलातल्या बँडची ती तबकडी आहे. मी नाम्याला निरोप धाडला, हिंमत असेल तर ये. तो आला, नाक वर करून, मुलाला, सहदेवला, घेऊन.

गुप्त्यांनी आम्हाला चहा दिला, फोनोला चावी दिली, नवी सुई लावली. खरखर आली, मग बँड. एखाद्या पिंपात बसून वाजवल्यासारखा. पण गाणं आमचंच.

"ड्रम कुठाय?" नाम्या मला म्हणाला. "तुझा बाप कुठाय यात?"

खरंच ड्रम नव्हता. आणि मग आरोळी आली. नाम्यानं मांडीवर थाप मारली. "ऐक, आवडाबाय. हा माझा बा."

गुप्ते हसले. मी त्यांना एक अक्षर सांगितलेलं नव्हतं, पोरीची शपथ. "अहो, हा तर घोटाळा झालाय इथं," ते म्हणाले. "तेव्हा मायक्रोफोन नव्हते. सगळ्यांनी एका भोंग्यासमोर वाजवायचं, त्याच्या जोरानं सुई मेणावर रेघ ओढायची. ड्रमनं सुई उडायची, म्हणून ड्रम बंद. आणि कॉर्नेटवाल्यासारख्याला उंच सुराला भोंग्यापासून मागं खेचायला कधी कधी माणूस ठेवायचे. इथं त्या माणसाचा हात सुटलेला दिसतो, म्हणून सूर असा अंगावर आलाय."

मला रडू फुटलं. बायकी रडणं नव्हे, रागाचं. साठीच्या बाईनं परक्याच्या घरात पदर तोंडात कोंबला.

"तुमची सुई खराब असेल," नाम्या म्हणाला.

गुप्त्यांनी बिचाऱ्यांनी सुई बदलली आणि पुन्हा लावलं. आरोळी तिथंच. सहदेव बापाकडं बघत होता आणि नाम्या चहाच्या कपाकडं. "आता लिही नाव," मी म्हणाले. तो उठला आणि चपला घालून खाली उतरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

मे महिन्यात माझ्या नातीची, रतनची, हळद होती. भावकीतल्या हळदीला घरचाच बँड वाजतो, भांडण असलं तरी. नाम्याला येणं भाग होतं. ड्रमवर तेच जुनं नाव. म्हटलं, राहू दे, आज ती आरोळी ऐकताना त्याच्याकडं बघायचं. ती कुणाची ते आता आम्हा दोघांना माहीत होतं.

गाणं सुरू झालं. जागा जवळ आली, बायांनी हात वर केले. नाम्यानं कॉर्नेट तोंडाला लावली, माझ्याकडं बघितलं आणि सूर सरळ खाली नेला. आरोळी नाही. बायांचे हात तसेच वर राहिले, मग एकेक खाली आला. दुसऱ्या फेरीला तेच. पोरांनाही त्यानं तसंच शिकवून आणलेलं.

त्याला पटलेलं, म्हणून त्यानं ती काढली. नंतर कुठल्याच हळदीत ती वाजली नाही. बा खोटारडा होता तोवर निदान दर हळदीला वाजत तरी होता.