धरणातला अष्टपाद

पारूबाईंचं पत्र मार्चअखेर आलं, आणि मे उजाडला तरी मी उत्तर दिलं नव्हतं. अक्षर नातीचं, आरतीचं होतं, बोलणं पारूबाईंचंच. 'तात्या, तुमी पेपरात लिवल्यापासनं गाव आमची मेंढरं धरणावर येऊ देत न्हाई. पाण्यात आक्टोपस हाय का न्हाई, तेवढं कळवा.'

लेख माझाच होता. भोरच्या एका साप्ताहिकाने मागितला म्हणून 'किनाऱ्यावरचे अष्टपाद' असा लिहिला होता. कुठल्या कोळ्याचा हात त्याने कसा धरला, कोणाची होडी कशी कलंडवली, वगैरे. सगळं पुस्तकांतून. समुद्र मी दोनदाच पाहिला आहे, तोही लांबून. संपादकांकडे समुद्राचा फोटो नव्हता, म्हणून त्यांनी भाटघर धरणाचा छापला. लेखाच्या शेवटी माझं वाक्य होतं: 'आपल्या भागात हा प्राणी बहुधा आढळत नाही.'

'बहुधा' मी सगळीकडे घालतो. कोणी 'जेवलात का' विचारलं तरी तोंडात तोच शब्द येतो. धरणाकाठच्या गावाने मात्र त्याचा अर्थ 'अधूनमधून आढळतो' असा लावला, आणि आठवड्याभरात तो आढळूही लागला. ग्रामपंचायतीने काठावर पाटी लावली: 'सावधान! पाण्यात अष्टपाद आहे. माणसे व जनावरे उतरवू नयेत.' पाटीशेजारी गावातल्या भिमाने तंबू ठोकले आणि 'ऑक्टोपस पॉइंट' असा मोठा फलक लावला. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. पाहुण्यांना पाण्यात पाय सोडून फोटो काढायची मुभा होती. पाटीवर फक्त माणसं आणि जनावरं लिहिलं होतं.

उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. प्रत्येक वेळी त्याच शब्दापाशी अडायचो. जगातलं सगळं पाणी मी थोडंच पाहिलं आहे?

शेवटी ग्रामसभेने मलाच तज्ज्ञ म्हणून बोलावलं.

"माझा तर पायच धरला व्हता," रखमाजी सांगत होते. "गार, गिळगिळीत."

"मोटारीचा पायप आसंल," पारूबाई मागून म्हणाल्या.

"पायप वढतो व्हय गं?"

"सांजच्याला तू जसा येतोस, तसं तुला समदंच वढतं."

सभा हसली. बाळाबाईंना राग आला. "आन् माझं लुगडं? धुता धुता वढून नेलं त्यानं!"

"त्याला काय करायचंय लुगडं?"

"आठ पाय झाकाया नगं?" कोणीतरी म्हणालं.

सरपंच सिद्धनाथ यांनी टेबलावर थाप मारली. "शांतता! समुद्रातला प्राणी हितं आला कसा, ते सांगा."

"सोपं हाय," भिमा म्हणाला. "वरंध घाटानं कोकणातली मासळी येती टेम्पोत. त्यातनं पिल्लू सांडलं आसंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही थोडी डोलावली.

तेव्हा पारूबाई पदर खोचून पुढे आल्या. "तात्या, वढा आटलाय. मला दुसरं पाणी न्हाई. दोन कोकरं मेली. आता हे पाणी न्हाई मिळालं तर येत्या बाजारी कळप इकून टाकनार. सांगा, हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "बहुधा... नाही."

"ऐकलं का!" भिमा उभाच राहिला. "बहुधा म्हनले!"

"पाटी लेखी आधारावर लावलीय," सरपंच म्हणाले. "काढायची तर लेखीच पाहिजे. आणि स्पष्ट."

बाहेर पारूबाईंनी मला गाठलं. "तुमचं पत्र आलं का, म्हून रोज पोस्टमनला इचारते. आता लांबनं मला बघितलं की तो गाडी वळवतो."

"अजून पाठवलं तर चालेल?"

"पाठवा. तोंडानं तुमाला जमायचं न्हाई."

घरी येऊन पुस्तकं पुन्हा उघडली. अष्टपाद खाऱ्या पाण्यातला प्राणी आहे, गोड्या पाण्यात तो जगत नाही, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. 'बहुधा' एकानेही लिहिलं नव्हतं. तो माझ्या पदरचा होता.

मी लिहिलं: 'पारूबाई, धरणाच्या पाण्यात अष्टपाद नाही. मेंढरं खुशाल उतरवा. हे पत्र सरपंचांना दाखवा.' खाली सही केली. वाक्य फार उघडं वाटत होतं. सहीखाली बराच कागद कोरा राहिला होता. तिथे मागाहून कोणी काही लिहू नये म्हणून आडवी रेघ मारली. कोणी म्हणजे मीच.

बाजार तीन-चार दिवसांवर आला होता. सकाळी पोस्ट उघडताच मी खिडकीपाशी गेलो आणि स्पीड पोस्ट म्हणालो. तिथल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं.

"एवढ्याशा कागदाला स्पीड पोस्ट कशाला, काका?"

"मेंढरं तहानली आहेत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.