तिसऱ्या मजल्याचं दार

“मिस्त्री, आमच्याच दाराचं काय एवढं बिघडलंय हो? दर खेपेला इथे दहा मिनिटं!” तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

लिफ्टच्या दाराला कान लावून उभे असलेले मिस्त्री लगेच बोलले नाहीत. बोलायला श्वास लागतो, आणि त्यांचा श्वास अजून दुसऱ्या मजल्यावरून वर येत होता.

“आवाज... ऐकतोय.”

“लिफ्ट तर तुम्हीच बंद केलीत. आवाज कुणाचा?”

चोवीस वर्षं मिस्त्री या इमारतीची लिफ्ट सांभाळत होते. मोटर सातव्या मजल्याच्या वर, गच्चीवरच्या खोलीत. त्यांचा नेम असा की, जिची तक्रार आहे त्या लिफ्टमधून वर जायचं नाही, जिन्यानेच जायचं. नेम तरुणपणी केलेला. त्या वयात माणूस काय वाटेल ते नेम करतो, फेडावे लागतात म्हाताऱ्याला.

काय काय तपासलं ते तळमजल्यावरच्या कार्डात लिहावं लागे. मिस्त्री खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते. जिथे दम खायला थांबत, तिथलं दार हाताने सरकवून बघत, आणि मगच ‘दार तपासले’ असं लिहीत. पण बाईंनी अडतीस वर्षं शाळेच्या वह्या तपासलेल्या. त्यांनी कार्ड वाचायला घेतलं. दोन वर्षांपूर्वी नुसतं ‘मोटर तपासली’. मग ‘पाचवा मजला, दार तपासले’. मग तिसरा आणि पाचवा. या महिन्यात दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत एकही दार सुटलेलं नव्हतं. बाईंनी ओळखलं, हे दुखणं दारांचं नाही. त्यांनी कार्डाचा फोटो काढला आणि मिस्त्रींच्या बायकोला पाठवला.

बायकोने संध्याकाळी फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला. “हे काय?”

“माझं अक्षर.”

“अक्षर कळतंय मला. धाप कधीपासून लागतेय?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ महिन्यांपूर्वी एका तपासणीत मिस्त्रींच्या हृदयाच्या झडपेवर कॅल्शियम साचल्याचं निघालं होतं. पुन्हा दाखवायला सांगितलं होतं. मिस्त्री गेले नाहीत, कारण उपाय त्यांना घरातच सापडला होता. त्याच आठवड्यात त्यांनी किटलीच्या तळाचा पांढरा थर व्हिनेगर टाकून काढला होता. किटली लख्ख! तेव्हापासून रोज सकाळी पेलाभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर, आणि चहातलं दूध बंद.

“तरीच रोज सकाळी आंबट तोंड!” बायको म्हणाली. “मी आपली समजत होते, माझ्यावर रुसलेत.”

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर मुलीच्या वयाच्या. छातीला नळी लावून त्यांनी डोळे मिटले. मिस्त्रींना ते पटलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून तेही असेच डोळे मिटत.

पडद्यावर झडप दिसू लागली. तीन पाकळ्या, जेमतेम हलणाऱ्या.

“किती सुटलाय चुना?” मिस्त्रींनी उत्साहाने विचारलं.

बायकोने व्हिनेगरची कथा सांगितली. डॉक्टर हसल्या नाहीत, ओठ मात्र आवळावे लागले. “काका, किटलीत थर वरून बसतो. इथे पाकळीच आतून हाडासारखी होत जाते. दुधाचा दोष नाही, आणि कुठल्या औषधाने ती पुन्हा मऊही होत नाही. दिवसाला लाखभर वेळा उघडमीट, तीही सदुसष्ट वर्षं! आता वाट फार अरुंद झालीय. बदलायला हवी.”

“पण चालतेय ना अजून? चालत्या यंत्राला हात लावू नये.”

“असंच ठेवलं तर दोन वर्षंही भरवशाची नाहीत.”

मिस्त्री खाली बघत राहिले. बायको हळूच म्हणाली, “लोकांच्या लिफ्टचा दोर तुटायच्या आधी बदलायला लावता. भांडून लावता. आणि घरचा?”

मिस्त्री शर्टाची बटणं लावू लागले.

“छाती फाडणार?”

“तुमच्या बाबतीत मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन जमेल.”

“नवीन किती वर्षं टिकते?”

“दहा, पंधरा. कायमची नाही. तीही हळूहळू कडक होऊ शकते.”

मिस्त्रींनी मान वर केली. कायमचं टिकेल म्हणून सांगणाऱ्या कारागिराच्या हातात त्यांनी कधी साधा पान्हासुद्धा दिला नव्हता. “मग बसवा,” ते म्हणाले.

चार महिन्यांनी डॉक्टरांची परवानगी खिशात घालून मिस्त्री पुन्हा कामावर आले. बाईंनी तिसऱ्या मजल्यावर, दाराजवळ, स्टूल मांडून ठेवलं होतं. मिस्त्री आले, मान लववली आणि वर निघून गेले. बाई जिन्याच्या कठड्याला धरून पावलं ऐकत राहिल्या. चौथा. पाचवा. सहावा. पावलं कुठेच थांबली नाहीत.

अर्ध्या तासाने ते खाली उतरले आणि तिसऱ्यावर थांबले. बाईंनी घाईघाईने स्टूलकडे बोट दाखवलं. मिस्त्री गुडघ्यावर बसले, बॅटरी लावून दाराच्या खालची फट निरखू लागले.

“चाक झिजलंय बाई. चांगलंच झिजलंय. बदलावं लागेल.”

“अहो, वर्षभर तुम्ही हेच दार तपासताय ना?”

“वर्षभर नुसतं सरकवत होतो,” मिस्त्री म्हणाले. “तपासलं आज.”

त्यांनी स्टूल पुढे ओढलं, त्यावर आपली हत्यारं ओळीने मांडली, आणि उभ्याउभ्याच दार काढायला घेतलं.