झुलालची उरलेली वर्षं

गिरधरशेठ काही राक्षस नव्हते. जळगावातल्या आपल्या कापसाची सरकी काढायच्या जिनात त्यांनी तेलावरचं इंजिन बसवलं, तेव्हा नशिराबादच्या झुलालला पदरमोड करून मुंबईला काम शिकायला त्यांनीच धाडलं. मात्र तो परतल्याबरोबर करारावर अंगठा घेतला: दहा वर्षं जिन सोडायचं नाही, सोडलं तर कोर्ट.

चौथ्या हंगामात झुलालच्या छातीत रुईची धूळ बसली. डॉक्टरांनी बजावलं, मोकळ्या हवेत राहा, नाहीतर जगणार नाहीस. त्याने शेठपुढे हात जोडले. शेठना वाटलं, दुसऱ्या जिनवाल्याने फितवलेलं दिसतंय. शिकवून शहाणं करायचं आम्ही आणि मलई दुसऱ्याने खायची? त्यांनी साफ नकार दिला.

चिंधाआबा म्हणजे शेठच्या वडिलांपासूनचे सालदार. आखाजी ते आखाजी, म्हणजे एका अक्षय्य तृतीयेपासून पुढचीपर्यंत, अशा वर्षाच्या बोलीवर शेतात राबण्यात हयात गेलेली. शेठला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं, म्हणून बोलायची छाती.

"गिरधरभाऊ, आखाजीले सालदार बी मोकळा व्हस. पटनं तं ऱ्हास, नही तं चालना जास. ह्या पोऱ्यानी आखाजी कवय येई?"

"आबा, सालदाराला कुणी मुंबईला पाठवत नाही. विद्या दिलीय त्याला."

"विद्या दिन्ही, जीव इकत लिधा का?"

शेठनी आबांना चहा पाजून वाटेला लावलं.

झुलाल इंजिनापाशी खोकत राहिला. दिवाळीनंतर जिन पुन्हा सुरू झालं, आणि एका दुपारी रक्ताची उलटी होऊन तो तिथेच गेला.

तेरावं उरकल्यावर त्याची बायको भागाबाई फडक्यात भाकर बांधून जिनाच्या दारात उभी राहिली. सालदार मध्येच गेला तर घरच्या माणसाने त्याचं साल पुरं करायचं, ही तिच्या घरची रीत.

"शेठ, त्यासना वरीस बाकी ऱ्हायनात. इंजिन माले समजत नही, पन रुई वाहसू. त्यासले मोकळं करा."

शेठनी तिजोरीतून झुलालचा करार काढला. मेलेला नवरासुद्धा तिला सुटलेला वाटत नव्हता! आणि तिला असं वाटायला लावणारे आपणच! त्यांनी तो करार तिच्यासमोर फाडला. नुकतेच मुंबईहून शिकून आलेल्या दोघांचेही फाडले. भागाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि ती नशिराबादच्या वाटेला लागली.

लोकहो, शिकवलेल्या माणसाने काही काळ सेवा करावी, ही अपेक्षा गैर नाही. पण जीव वाचवायलाही जिथून निघता येत नाही, तो करार नव्हे, कोंडवाडा आहे. माणसाला शिकवा, आणि तो आपण होऊन राहील असं वागवा. गिरधरशेठना हे कळलं खरं, पण झुलालला त्याचा काय उपयोग?