वीसचं कडं

किनुएने पितळी भोवरा डाव्या चिमटीत धरला, कॅलिपरचे जबडे त्याच्या कडांना लावले आणि उजव्या अंगठ्याने सरकती पट्टी ढकलली. पट्टी हलली नाही. दात आवळून तिने पुन्हा ढकललं, तेव्हा कुठे ती सरकली आणि छोट्या काचेवर ठसठशीत आकडा उमटला, २०.४० मिलिमीटर. लेथपाशी तिचा नवरा शोझो तिच्याकडे पाठ करून उभा होता. ती मोजत असली की तो वळून बघत नसे. चिंध्यांना हात पुसत आकड्याची वाट बघायचा. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

"वीस चाळीस," ती म्हणाली.

"हं," म्हणून त्याने लेथ चालू केला.

हिगाशी-ओसाकातल्या त्या गल्लीत एके काळी नवराबायकोचे असे तीसेक कारखाने होते. खाली यंत्रं, वर संसार. नवऱ्याने कातायचं आणि बायकोने मोजायचं. तिने नाही म्हटलं की माल भंगारात, मग नवऱ्याने कितीही आदळआपट करो. बायकोने सांगितलेला आकडा नवरा पुन्हा तपासत नसे. तपासलाच तर त्या घरात चार दिवस चूल पेटत नाही, असं गल्लीत गमतीने म्हणत, आणि ते अगदीच काही खोटं नव्हतं.

त्यांचा, कुमेदांचा, कारखाना बंद झाल्याला आता दोन वर्षं होत आली होती. मोठी यंत्रं गेली, एक छोटा लेथ उरला. त्यावर शोझो वेळ जावा म्हणून भोवरे कातायचा. फेब्रुवारीत किनुएला अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, पाय चालू लागले, उजवा हात मात्र अर्ध्या वाटेवरच राहिला. इतकी वर्षं ती ज्याने मोजायची त्या मायक्रोमीटरचा बारीक स्क्रू त्या हाताला फिरवता येईना. मग एक दिवस शोझो हार्डवेअरच्या दुकानातून हा कॅलिपर घेऊन आला. हलका, मोठ्या आकड्यांचा, प्लॅस्टिकच्या डबीतला, त्या किमतीत दोघांचं एक वेळचं जेवणही धड झालं नसतं असा.

शेजारचा काजितानी तो बघून खो खो हसला होता. जन्मभर पोलाद घासलेला माणूस. त्याला मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाची चूकही अंगाला खुपायची. खिशातून त्याने वीस मिलिमीटरचा पोलादी ठोकळा काढला आणि कॅलिपरमध्ये तीनदा धरला. दोनदा वीस, एकदा वीस आणि वर एक शतांश. त्याने नाक मुरडलं.

"छंदापुरता चालेल, वहिनी. पण कड्यापुढे हे खेळणं टिकायचं नाही."

कडं म्हणजे वीसचं कडं. दर नोव्हेंबरात मोहल्ल्याच्या सभागृहात बंद कारखानेवाल्यांच्या भोवऱ्यांच्या झुंजी लागत. भोवरा वीस मिलिमीटरपेक्षा रुंद नको, एवढाच नियम. पण झुंजी राहिल्या बाजूला, सगळ्यांचा जीव अडकलेला असे त्याआधीच्या परीक्षेत. बरोबर वीस भोकाचं पोलादी कडं, त्याला आतून तेलाचं बोट फिरवलेलं. त्यावर भोवरा ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. मोठा असला तर वरच बसून राहतो, बारीक असला तर टक्कन खाली पडतो. नेमका कातलेला असला तर तेलावरून सावकाश, जणू विचार करत उतरतो, आणि तेवढा वेळ सभागृहात कुणी खोकतसुद्धा नाही. टक् वाजलं की मात्र पुढच्या नोव्हेंबरापर्यंत चिडवाचिडवी.

यंदाची परीक्षा उद्यावर आली होती.

किनुए स्टुलावर बसून लेथचा आवाज ऐकत होती. तिला थकवा आला होता, पण तो हाताचा नव्हता. आजारी पडल्यापासून सगळे तिच्याशी जपून वागत होते, त्याचा होता. मुलीचा फोन आला की ती आईची तब्येत बापाला विचारायची. शोझो तिच्या ताटातल्या माशाचे काटे न सांगता काढून ठेवायचा, बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायचा. ते सगळं तिने मुकाट्याने घेतलं. पण गेल्या महिन्यात तिला वरच्या फळीवरची मायक्रोमीटरची लाकडी डबी दिसली. आजूबाजूला काही असो, डबीवर धुळीचा कण नव्हता. तिचा हात त्या फळीपर्यंत पोचत नव्हता. म्हणजे हा आपल्यामागे पुन्हा मोजतो. आपलं मन राखायला आपल्याला आकडे सांगू देतो आणि आपण वर गेलो की डबी खाली काढतो. हे एक राहिलं होतं आपल्याकडे, तेही गेलं.

लेथ थांबला. शोझोने भोवरा आणून तिच्या तळहातावर ठेवला आणि पाठ फिरवली.

काचेवर आकडा होता वीस. बरोबर वीस. कड्यातून उतरायला आता एक शतांश काढला की झालं.

"वीस पाच," किनुए म्हणाली.

आपण हे का म्हणालो ते तिला नीट ठाऊक होतं. तो पुन्हा मोजत असेल, तर कातणार नाही. काहीतरी सबब सांगून वर चहाला चल म्हणेल आणि मग एकटाच खाली येईल. शोझोचा हात लेथच्या चाकावर गेला आणि तिथेच थांबला. एक श्वास, दोन श्वास. मग त्याने चाक फिरवलं आणि पितळेचा केसाएवढा किस खाली पडला. तिने सांगितलेले पाच आणि वरचा एक, सहा शतांश.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. भोवरा पुन्हा तिच्या हातात आला. एकोणीस चौऱ्याण्णव. महिनाभराचं काम होतं ते. आता सांगायलाच हवं होतं. तिने तोंड उघडलंही.

"एकोणीस नव्व्याण्णव," ती म्हणाली.

"हं. झालं एकदाचं," शोझो म्हणाला आणि दिवा बंद करायला गेला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात चाळीसेक माणसं होती. जवाचा गार चहा, तांदळाच्या चकत्या, गुडघ्यांची आणि डॉक्टरांची बोलणी. काही चेहरे गेल्या वर्षी होते आणि यंदा नव्हते. त्यांच्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. शोझोचं नाव पुकारलं. किनुए त्याच्या शेजारी उभी राहिली, कारण मोजणाऱ्याने शेजारी उभं राहायचं असतं. त्याने भोवरा कड्यावर ठेवला आणि हात काढून घेतला.

टक्.

आधी कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. कुमेदांच्या घरचं माप आजवर असं चुकलं नव्हतं. मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळे सुटले. काजितानी पुढे आला.

"सांगितलं नव्हतं? त्या खेळण्यावर विसंबलास. तुझा मायक्रोमीटर मार्चपासून माझ्या कपाटात पडलाय, निदान आजच्या दिवसासाठी तरी न्यायचास. तूच म्हणालास, घरात नको, तुझ्याकडेच राहू दे."

शोझोने त्याच्याकडे असं पाहिलं की काजितानी एक पाऊल मागे सरला. किनुएला ती फळीवरची डबी आठवली. रिकामी डबी. पुन्हा मोजायला घरात काही नव्हतंच. धूळ तर तो फेब्रुवारीपासून सगळ्या घराचीच पुसत होता.

"कॅलिपर स्वस्तातला," शोझो लोकांना म्हणाला. "काय करणार."

"कॅलिपरचा काही दोष नाही," किनुए म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्याने बरोबर दाखवलं होतं. आकडा मी खोटा सांगितला."

काजितानीने हातातला चहा उगाचच ढवळला. शोझोने खाली पडलेला भोवरा उचलला, शर्टाला पुसला, खिशात टाकला आणि तिच्या पायाशी तिचे बूट आणून ठेवले. झुंजीला ते थांबले नाहीत.

गल्लीत बहुतेक शटरं खाली होती. किनुएच्या पावलाने चालायचं म्हणजे वेळ लागायचा. ती वाट बघत होती की तो चिडेल, निदान का म्हणून तरी विचारेल. घराचं शटर दिसायला लागलं, तेव्हा तिलाच राहवलं नाही.

"मला वाटलं तुम्ही माझ्यामागे पुन्हा मोजता. बघायचं होतं मला."

"हं."

"तुमचा अख्खा महिना मी वाया घालवला."

"लेथच्या चाकावरच्या मापाच्या रेघा दिसतात मला अजून," शोझो म्हणाला. "वीस झालं होतं काल. ठाऊक होतं मला."

ती थांबली.

"मग कातलंत कशाला?"

त्याने किल्ली काढली, शटरचं कुलूप उघडलं, आणि शटर अर्धं वर सारलं.

"तू पाच म्हणालीस," तो म्हणाला. "ऐकलं नसतं, तर जेवायला कुणी घातलं असतं?"

आत जाऊन त्याने दिवा लावला. खिशातला भोवरा तिच्यासमोर ठेवला, शेजारी प्लॅस्टिकची डबी ठेवली आणि लेथकडे जाऊन चिंध्या हातात घेऊन उभा राहिला, तिच्याकडे पाठ करून.

किनुएने जबडे मिटून शून्य तपासलं. मग भोवरा चिमटीत धरला. अंगठ्याला वेळ लागला, पण तिने घाई केली नाही.

"एकोणीस चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

"हं," शोझो म्हणाला.