पाच बोटं

माझ्या जावेच्या, सुगंधाच्या, नव्या घराला सरकत्या काचेच्या खिडक्या बसल्या, तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. खोटं कशाला बोलू? भडगावात आमच्या गल्लीत तशा खिडक्या कुणाकडेच नव्हत्या, आणि हिच्याकडे याव्यात! माझ्या स्वैपाकघराच्या दारातून त्या दिसायच्या. दुपारी त्यांच्यावरून ऊन परतून थेट माझ्या चुलीवर यायचं. जळायचं ते एकदाच जळावं म्हणून मी दार लोटून घ्यायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडायचे.

तरी खिडक्यांचं एक वेळ सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते आत्याबाईंचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदरबाई. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या माझ्याकडे. त्यांचा दमा, त्यांचा पहाटेचा चहा, त्यांचे पाय दाबणं, सगळं माझ्याकडे. सुगंधा सणासुदीला यायची, गोड बोलायची आणि जायची. पण आमच्या जुन्या घरात त्यांच्या खाटेजवळची खिडकी पावसाळ्यात गळायची. गादी ओली, की दमा उठायचा. धाकट्या दिरानं, पुनानं, घर बांधायला घेतलं तेव्हाच सांगून ठेवलं, "माय आते मनाकडे ऱ्हाई." त्याच्याकडे, म्हणजे सुगंधाकडे.

आमच्यात रीत आहे. नवं काही बांधलं की घरातली थोरली बाई तेलात कुंकू कालवते आणि चौकटीजवळ भिंतीवर पाच बोटं ओढते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्याबाई तिकडे गेल्या आणि दारांवर बोटं ओढली. शेवटी ज्या खोलीत त्यांची खाट पडणार होती, तिथल्या खिडकीशी गेल्या. खिडकी आणि भिंत यांमधल्या फटीवरूनच त्यांनी बोटं फिरवली, सावकाश, वरून खाली. तेल फटीत ओघळलं. सुगंधानं पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. मी कुंकवाची वाटी धरून उभी होते. मला कोणी विचारलं नाही, धर म्हणाले, धरली.

दोन दिवसांनी जळगावहून रतिलाल मिस्तरी खिडक्यांच्या फटी बुजवायला आला. शेजारधर्म म्हणून मी चहा घेऊन गेले, पण खरं तर बघायला गेले होते. हेवा असला की माणूस फार बारीक बघतो. त्यानं आधी फटीतली सिमेंटची भुकटी ब्रशनं काढली, कोरड्या कापडानं पुसली. दोन्ही कडांना कागदी पट्टी चिकटवली. पांढऱ्या सिलिकॉनच्या नळीचं टोक तिरकं कापलं, ते पिचकारीसारख्या यंत्रात बसवलं आणि फटीतून एका दमात सरळ रेघ ओढली. मग साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रेघ दाबली आणि साय धरायच्या आत पट्ट्या ओढून काढल्या. सारखी, गुळगुळीत रेघ. आत्याबाईंच्या खोलीत तो थांबला.

"हे तेल पुसून घेतो," तो म्हणाला.

सुगंधा धावली. "पुसू नका हो! आमच्या सासूबाईंचा हात आहे तो!"

"तुमची मर्जी," म्हणाला, आणि त्यावरूनच रेघ ओढली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं ज्या हाताला मी तेल चोळलं, तो हात हिच्या भिंतीवर जपून ठेवायचा होता!

त्याच रात्री मी नवऱ्याच्या मागे लागले. लोटनराव गरीब स्वभावाचे. कापसाच्या कामाला जळगावला गेले तेव्हा नवी लोखंडी खिडकी, दोन नळ्या आणि ते यंत्र घेऊन आले. गवंड्यानं खिडकी बसवली. सिमेंट वाळेपर्यंत मी कोणाला हात लावू दिला नाही. मग फट मीच भरली. ब्रश फिरवला, पुसलं, पुन्हा पुसलं, पट्ट्या लावल्या. पहिली रेघ वाकडी गेली, ती सगळी खरवडून काढली आणि नव्यानं ओढली. आतून भरली, बाहेरून शिडीवर चढून भरली. लोटनराव खालून शिडी धरून म्हणाले, "कमल, मिस्तरीन व्हई गयी तू तं!"

भरण्याआधी मी सुगंधाकडे गेले होते, हे सांगायचं राहिलं. आत्याबाई आता तिथंच राहायला होत्या, ओट्यावर बसल्या होत्या.

"आत्याबाई, नवी खिडकी बसाडी. बोटं ओढाले चला ना."

"एक खिडकीले कसानी बोटं वं?" त्या हसल्या. "बठ्ठं घर नवं ऱ्हायनं तवय ओढतस."

अख्खं घर नवं असलं तरच म्हणे बोटं! सुगंधाही हसली. मी वाटी पदराआड झाकून नेली होती, ती तशीच परत आणली.

श्रावणात झड लागली. पश्चिमेचं वारं, आणि पाऊस आडवा. माझी खिडकी आतून ठणठणीत कोरडी. मी तळहात फिरवून फिरवून बघायचे. आत्याबाईंची जुनी खाट मी खिडकीखालून हलवली नव्हती. तिच्यावर कोणी निजत नव्हतं, तरी रोज चादर झटकायचे.

तिसऱ्या दिवशी पुना डोक्यावर पोतं घेऊन आला. "वहिनी, मायनी गादी वली व्हई गयी. पानी येई ऱ्हायनं."

मला हसू आलं. दाबलं नाही. छत्री घेतली आणि बघायला गेले, आणि काय तोऱ्यात गेले!

बाकीच्या खिडक्या कोरड्या होत्या. पाणी फक्त आत्याबाईंच्या खोलीत येत होतं. फटीवरचा तो पांढरा पट्टा सुटला होता. मी नख लावलं तर दुधावरची साय निघावी तसा हातात आला. खाली कुंकवाचं तेल तसंच होतं. पाच लाल ओघळ, आणि प्रत्येकातून पाणी उतरत होतं.

माझं हसू तिथंच मेलं. माझी खिडकी का गळत नाही, ते मला कळलं. मी चांगली भरली होती, हे खरंच. पण तिला आत्याबाईंचा हातच लागला नव्हता.

संध्याकाळी आत्याबाई गाठोडं घेऊन आल्या. भिंत चाचपली, गादी चाचपली. "आठे कोरडं शे. बेस काम करं तू, कमल. पुनानी खिडकी नीट व्हई तवलोंग ऱ्हासू आठेच."

तवलोंग! म्हणजे तिकडची नीट होईपर्यंत. मी कोरडी भिंत होते, आणि कोरडी भिंत तिकडेही होणारच होती.

सकाळी पाऊस उघडला होता. त्या चहा पीत होत्या. मी विळी घेतली आणि खिडकीच्या एका कडेची रेघ वरपासून खालपर्यंत सोलून काढली. एवढी चिकटून बसली होती की विळी दोनदा सटकली.

"कमल! येडी व्हयनी का?"

मी तेलात कुंकू कालवलं आणि वाटी त्यांच्यापुढे धरली. "ओढा."

त्या फटीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. "वं बाई, पानी यी ना."

"येवू द्या."

त्यांनी कपबशी खाली ठेवली, उठल्या. आधी आपली खाट खिडकीपासून हातभर आत ओढली, आणि मग वाटीत पाचही बोटं बुडवली.