तळहाताचा अंदाज

पांढुर्ण्याचे मोटर-मिस्त्री यशवंतराव वेग कधी मीटरने मोजत नसत. चालत्या मोटरीवर उजवा तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. लकव्यानंतर तो हात मांडीवर नुसता पडून असायचा. दुकान आता त्यांची मुलगी तृप्ती पाहायची.

रामाकोन्याच्या एका टेलरबाईच्या शिलाई मशीनची मोटर फार पळायची. तृप्तीने फेजच्या तारेत रेग्युलेटर जोडला, न्यूट्रल सरळ नेली, सांध्यांवर टेप गुंडाळली. पूर्वी एवढ्या वेळात बाबा दहादा खेकसले असते. आज ते गप्प होते, आणि तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

शेजारच्या चक्कीच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. तृप्तीने बाबांचा उजवा हात उचलून मोटरीवर ठेवला. त्यांनी डोळे मिटले. तिने नॉब अर्ध्यावर आणला आणि बटणाकडे हात नेला.

“आता बराबर फिरून राहिली,” बाबा म्हणाले. “इथंच निशान कर.”

बटण अजून बंदच होतं. तृप्तीने हात मागे घेतला, खडू उचलला आणि नॉबपाशी खूण केली.